ऑफिसमध्ये उंदीर झालेत? विषाच्या वड्यांआधी करायची कामं, क्रमाने

ऑफिसमध्ये उंदीर दिसला की पुढे काय होतं ते बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. कुणीतरी चिकट पॅड आणतं, त्यावर काही सापडत नाही. मग विषाच्या वड्या टाकल्या जातात, आठवड्याभरात फॉल्स सीलिंगमधून कुजका वास येऊ लागतो आणि वास जाईपर्यंत खुडबुड पुन्हा सुरू झालेली असते. यात मुख्य चूक क्रमाची असते. उंदीर कुठून येतात, काय खातात आणि कुठे राहतात, हे ठरायच्या आधीच त्यांना मारायचे उपाय सुरू होतात.

कामाच्या जागेचं गणित घरापेक्षा वेगळं आहे. इथे रात्री आणि सुट्टीला सलग कित्येक तास माणूस नसतो. पन्नास खणांत पन्नास जणांचा खाऊ असतो, आणि साफसफाई करणारे, पेस्ट कंट्रोलवाले आणि बिल्डिंगची देखभाल करणारे लोक एकमेकांशी क्वचितच बोलतात. म्हणून पहिली तयारी माणसांची करायची, सामान नंतर आणायचं.

## तयारी: एक माणूस, एक नकाशा, एक वही

जबाबदारी एकाच व्यक्तीवर द्या. ती व्यक्ती सापळे लावेलच असं नाही, पण कुठे काय लावलंय, काय सापडलं आणि कुठली फट बुजवायची राहिली हे तिला माहीत हवं. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" असं सांगितलं की कुणीच लक्ष ठेवत नाही आणि मेलेला उंदीर सापळ्यात चार दिवस पडून राहतो.

मजल्याचा साधा नकाशा काढा. हाताने काढलेला चालेल. पॅन्ट्री, स्टोअर, सर्व्हर रूम, स्वच्छतागृहं, कचरा ठेवायची जागा, केबल आणि पाइप भिंतीतून जातात ती ठिकाणं, बाहेरचे दरवाजे आणि शटर एवढं त्यावर असलं पाहिजे.

सामान जमवा: जाड रबरी हातमोजे, एन-९५ मास्क, चांगली बॅटरी, जंतुनाशक, फवारणीची बाटली, कागदी टॉवेल, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, टाल्कम पावडर, मोजपट्टी आणि एक पेन्सिल. पेन्सिल फटी मोजायला लागणार आहे.

सहकाऱ्यांना लिहून कळवा. लपवून ठेवलं तर अफवा पसरतात, आणि मुख्य म्हणजे खणातला खाऊ हलत नाही. सूचना अशी साधी असू दे:

> ऑफिसमध्ये उंदरांचा वावर आढळला आहे. आजपासून टेबलाच्या खणात, बॅगेत किंवा कपाटात खाण्याचे पदार्थ रात्रभर ठेवू नयेत. लेंड्या, कुरतडलेली वायर किंवा उंदीर दिसल्यास हात न लावता, झाडू न मारता लगेच कळवावं: जागा, वेळ आणि शक्य असल्यास फोटो. भिंतीलगतच्या क्रमांक लिहिलेल्या खोक्यांना हात लावू नये.

कुणाच्या टेबलाशी उंदीर सापडला याची चर्चा होऊ देऊ नका. एकदा कुणाची फजिती झाली की पुढच्या वेळी लोक लेंड्या दिसल्या तरी सांगत नाहीत.

इमारतीत इतर ऑफिसं असतील तर वरच्या, खालच्या आणि शेजारच्या लोकांना आणि इमारतीच्या व्यवस्थापनालाही कळवा. तुम्ही एकट्यानेच उपाय केले तर उंदीर पाइपच्या डक्टमधून शेजारी जातात आणि तिथून परत येतात.

## पायरी १: पाहणी. काहीही हलवण्याआधी

पाहणी दोनदा करायची. एकदा दिवसा, आणि एकदा सगळे गेल्यावर दिवे मालवून, बॅटरी घेऊन. रात्री पंधरा-वीस मिनिटं शांत बसलात तर खुडबुड नेमकी कुठून येते ते बऱ्याचदा कळतं.

दिवसा बॅटरी जमिनीलगत आडवी धरा. तिरक्या उजेडात लेंड्या, पावलांचे ठसे आणि भिंतीवरचे डाग उठून दिसतात. शोधायच्या खुणा:

- लेंड्या. भिंतीच्या कडेला, फ्रिजमागे, सिंकखालच्या कपाटात, खणांच्या मागच्या कोपऱ्यात.
- तेलकट काळे पट्टे. उंदीर रोज एकाच वाटेने भिंतीला घासून जातात, त्यामुळे अंगावरचा तेलकटपणा भिंतीवर, पाइपवर आणि भोकांच्या कडांवर बसतो.
- कुरतडल्याच्या खुणा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तो वायर, लाकूड, प्लॅस्टिक, काहीही कुरतडतो.
- घरटं. कागदाचे, कापडाचे, थर्माकोलचे बारीक तुकडे. कागद फाडायच्या यंत्राचा डबा, सोफ्याच्या खालचं अस्तर, जुन्या फाइलींची खोकी आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळची उबदार जागा आधी बघा. ही ठिकाणं हमखास सुटतात.

आता उंदीर लहान की मोठा ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. लहान घरउंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिमी, टोकदार, तांदळाच्या दाण्यासारख्या असतात. मोठ्या उंदराच्या, ज्याला बरेच जण सरसकट घूस म्हणतात, लेंड्या १२ ते १८ मिमी असतात. लहान उंदीर दिवसाला पन्नासेक लेंड्या टाकतो, त्यामुळे लेंड्या पुष्कळ दिसल्या म्हणून उंदीर पुष्कळ आहेत असं लगेच समजू नका.

वावर जुना की चालू? ताजी लेंडी काळी, ओलसर, चमकदार असते. जुनी करडी पडते आणि दाबली की भुगा होतो (हातमोजा घालून, काडीने दाबा). शंका असेल तर भिंतीलगत कागदावर टाल्कम पावडरचा पातळ थर पसरून रात्रभर ठेवा. सकाळी ठसे दिसतील. मागच्या पायाचा ठसा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर लहान उंदीर, तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर मोठा. भिंतीतलं एखादं भोक वापरात आहे का ते पाहायचं असेल तर त्यात वर्तमानपत्राचा बोळा सैल बसवा. दोन दिवसांत तो ढकललेला किंवा कुरतडलेला दिसला तर वाट चालू आहे.

सावधान: कुरतडलेली वायर दिसली तर तिला हात लावू नका आणि चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. त्या भागाचा वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. उघड्या तारांमुळे आग लागू शकते. फॉल्स सीलिंगमध्ये चढायचं असेल तर शिडी धरायला दुसरा माणूस हवा, आणि सीलिंगच्या टाइलवर अजिबात भार टाकायचा नाही.

तपासा: नकाशावर प्रत्येक खूण तारखेसह मांडली आहे का? खुणांची गर्दी दोन-तीन ठिकाणी दिसायला हवी. सगळीकडे सारखीच विखुरलेली दिसत असेल तर पाहणी घाईत झाली आहे. पुन्हा करा.

## पायरी २: जुन्या लेंड्या काढा, पण झाडूने नाही

ही पायरी लोक सगळ्यात जास्त चुकवतात, आणि या चुकीची किंमत आजाराने मोजावी लागू शकते. लेंड्या दिसल्या की हाउसकीपिंगवाले झाडू घेऊन येतात किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावतात. त्यामुळे वाळलेल्या लेंड्यांची आणि मुताची धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. हंताव्हायरस या गंभीर आजार करणाऱ्या विषाणूचा संसर्ग अशाच धुळीतून होतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मुतातून येतात आणि ओल्या जागेत हाताच्या, पायाच्या जखमेतून शरीरात जातात. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणूही उंदरांमुळे अन्नापर्यंत पोचतो. साफसफाई करणाऱ्या माणसाला हे नीट समजावून सांगणं आणि त्याला हातमोजे, मास्क देणं ही ऑफिसची जबाबदारी आहे. बहुतेक वेळा ही लागण होण्याचा धोका त्यालाच सर्वात जास्त असतो.

बरोबर पद्धत अशी:

1. दारं-खिडक्या उघडा, मध्यवर्ती एसी बंद करा, आणि अर्धा तास त्या खोलीतून बाहेर थांबा.
2. हातमोजे आणि मास्क घाला.
3. लेंड्यांवर आणि आसपास जंतुनाशक फवारा, चांगलं भिजू द्या. घरगुती ब्लीच वापरणार असाल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, त्याच दिवशी केलेलं. निदान पाच मिनिटं थांबा.
4. कागदी टॉवेलने पुसून उचला, पिशवीत टाका, तोंड बांधा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला.
5. तीच जागा पुन्हा जंतुनाशकाने पुसा.
6. हातमोजे घातलेले असतानाच जंतुनाशकाने धुवा, मग काढा, आणि हात साबणाने धुवा.

सावधान: ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विशेषतः टॉयलेट साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही. त्यातून विषारी वायू निघतो. संगणक, प्रिंटर आणि बोर्डांवर फवारा मारायचा नाही. ते बंद करून, प्लग काढून, ओलसर जंतुनाशक वाइपने पुसा.

स्वच्छतेइतकंच या पायरीचं आणखी एक काम आहे. जुन्या लेंड्या गेल्या की उद्या दिसलेली प्रत्येक लेंडी नवी असते. त्याशिवाय उपाय लागू पडतोय की नाही ते कधीच कळत नाही.

## पायरी ३: खाणं, पाणी आणि आडोसा तोडा

लहान उंदराला दिवसाला सुमारे तीन ग्रॅम अन्न लागतं, म्हणजे एका बिस्किटापेक्षाही कमी. त्यामुळे "आमच्याकडे खायला तर काहीच नसतं" हे उत्तर मान्य करू नका. कीबोर्डखालचा चुरा, डस्टबिनच्या तळाचा चहा-साखरेचा थर, सॉसच्या पुड्या आणि पॅन्ट्रीतल्या टोस्टरचा ट्रे एवढ्यावर एक कुटुंब आरामात जगतं.

- सगळं खाणं घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा धातूच्या डब्यात. पातळ प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतो.
- कचरा संध्याकाळी, शेवटचा माणूस निघताना बाहेर. बऱ्याच ऑफिसांत कचरा सकाळी उचलतात, म्हणजे रात्रभर जेवण मांडून ठेवल्यासारखं होतं. साफसफाईची वेळ बदलणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल आहे.
- फ्रिज, व्हेंडिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह पुढे ओढून मागची जागा साफ.
- गळणारे नळ, फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे आणि एसीच्या पाण्याची नळी दुरुस्त. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं. लहान उंदराचं बऱ्याचदा अन्नातल्या ओलाव्यावर भागतं, त्यामुळे फक्त पाणी तोडून तो जाणार नाही.
- जमिनीवर ठेवलेली खोकी रॅकवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. जुने पुठ्ठे बाहेर. नवीन माल आला की खोकी दारातच उघडून बघा, उंदीर पॅकिंगमधून आत येतो.

तपासा: दोन संध्याकाळी, सगळे गेल्यावर, पॅन्ट्री आणि पाच-सहा टेबलांखाली बॅटरी मारून बघा. खाणं दिसलं तर सापळे लावायची घाई करू नका. भरल्या पोटाचा उंदीर आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही.

## पायरी ४: बाहेरच्या फटी आधी बुजवा

पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे सुमारे ६ मिमीची फट लहान उंदराला पुरते. मोठ्या उंदराला साधारण १२ ते २० मिमी लागते. इमारतीला बाहेरून चक्कर मारा आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक फट तपासा: दरवाजाखाली, शटरच्या दोन्ही कोपऱ्यांत, पाइप आणि केबल भिंतीतून जातात तिथे, एसीच्या नळ्यांभोवती, हवा खेळायच्या झरोक्यांत, गटाराच्या जाळीत. भर दिवसा आतले दिवे मालवले की दरवाजाखालून दिसणारा उजेड फटीची रुंदी सांगतो.

कशाने बुजवायचं यात मोठी गल्लत होते. नुसता पीयू फोम (फवारला की फुगून घट्ट होणारा फेस), सिलिकॉन, लाकडाची पट्टी किंवा रबर यातलं काहीच टिकत नाही. उंदीर ते एका रात्रीत कुरतडतो. फोम वापरायचाच असेल तर आधी फटीत स्टेनलेस स्टीलची तार किंवा जाळी घट्ट कोंबा आणि फोम फक्त वरून भरा. साधी स्टीलची घासणी ओल्या जागी गंजते, तिथे तांब्याची किंवा स्टेनलेसचीच जाळी घ्या. भिंतीतली मोठी भोकं सिमेंटने भरा. दरवाजांना खाली पत्रा आणि ब्रशची पट्टी लावा. झरोका बंद करायचा नाही, त्याला ६ मिमीपेक्षा बारीक धातूची जाळी बसवायची. आगरोधक भिंतीतून केबल जात असतील तर तिथे आगरोधक भराव लागतो. तो इमारतीच्या देखभाल विभागाकडूनच करून घ्या.

आतल्या फटी, म्हणजे खोली आणि फॉल्स सीलिंग यांच्यातल्या किंवा भिंतींच्या पोकळीतल्या, आत्ता बुजवू नका. आत उंदीर असताना त्या बंद केल्या की ते भिंतीत अडकून मरतात, नाहीतर सुटायला नवीन भोक पाडतात.

## पायरी ५: सापळे. पुष्कळ, एकदम, भिंतीला टेकून

सर्वात जास्त लक्ष या पायरीवर द्या. ऑफिसमध्ये दोन सापळे आणून एक पॅन्ट्रीत आणि एक खोलीच्या मधोमध ठेवण्याची पद्धत आहे. त्याने काहीही होत नाही. घरउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा किंवा जास्त पिल्लं देते, आणि ती पिल्लं जेमतेम दीड महिन्यात स्वतः वीण घालायला तयार होतात. आठवड्याला एक उंदीर पकडून हा वेग गाठता येत नाही. पहिल्या तीन-चार रात्रींतच जास्तीत जास्त पकडायचे.

कोणता सापळा? चापाचा सापळा. तो झटकन मारतो, उंदीर कुठे मेला ते कळतं आणि विष पसरत नाही. जिवंत पकडायचा पिंजरा वापरायचा असेल तर तो दिवसातून निदान दोनदा बघायची तयारी हवी, आणि पकडलेल्या उंदराचं काय करायचं याबद्दलचे तिथले नियम आधी माहीत हवेत. चिकट पॅड माझ्या मते वापरूच नयेत. त्यावर अडकलेला प्राणी तासन्तास तडफडतो, भीतीने मुततो, त्यामुळे संसर्गही पसरतो. शिवाय अनेक ठिकाणी त्यावर कायद्याने बंदी आहे.

किती आणि कुठे? लहान उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुधा दहा मीटरच्या आतच फिरतो. म्हणून खुणांच्या ठिकाणी दर दोन-तीन मीटरवर एक सापळा हवा. एका पॅन्ट्रीला सहा-आठ सापळे लागले तर ते जास्त नाहीत. सापळा भिंतीशी काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. उंदीर भिंतीलगत पळतो, मोकळ्या जागेत जायला भितो. दोन सापळे पाठीला पाठ लावून ठेवले तर तो कोणत्याही बाजूने आला तरी सापडतो.

आमिष: हरभऱ्याच्या दाण्याएवढंच. जास्त लावलं तर उंदीर कडेकडेने खाऊन चाप न पाडता जातो. शेंगदाण्याचं बटर चांगलं, कारण ते चिकटतं आणि ओढून नेता येत नाही. जिथे कागदाचे तुकडे पुष्कळ दिसतात तिथे कापसाचा छोटा गुंडा बांधून बघा. घरटं करणारी मादी त्याला भुलते.

लहान आणि मोठ्या उंदरात इथे मोठा फरक आहे. लहान उंदीर चौकस असतो, नवीन वस्तू दिसली की जाऊन हुंगतो. दोन रात्रींत सापळ्याला काही लागलं नाही तर जागा चुकली आहे, सापळा हलवा. मोठा उंदीर नवीन वस्तूला कित्येक दिवस टाळतो. त्याच्यासाठी सापळे चाप न चढवता, नुसतं आमिष लावून ठेवा. आमिष रोज खाल्लं जाऊ लागलं की एकाच रात्री सगळे चाप चढवा. ही तीन-चार दिवसांची कळ न काढल्यामुळे मोठे उंदीर सापळ्याला कायमचे बिचकतात. त्यांच्यासाठी सापळाही मोठा लागतो. तो तारेने पाइपला किंवा टेबलाच्या पायाला बांधा, नाहीतर जखमी उंदीर सापळा ओढत आडोशाला नेतो.

सापळ्यांवर क्रमांक टाका, खोक्यात किंवा झाकणाखाली ठेवा म्हणजे कुणाचं बोट सापडणार नाही, आणि वहीत रोज नोंद करा. नोंद अशी दिसते:

> सापळा ७ – पॅन्ट्री, फ्रिजमागे – मंगळवार सकाळी – आमिष संपलं, चाप पडला नाही – खटका हलका केला, आमिष कमी केलं.
> सापळा ७ – बुधवार सकाळी – १ लहान उंदीर.
> सापळा १२ – स्टोअर, दाराजवळ – तीन दिवस काही नाही – रॅकमागे हलवला.

या तीन ओळींत पुढच्या कामाची दिशा आहे: फ्रिजमागची वाट चालू आहे, दाराजवळची नाही.

सापळे सकाळी, लोक यायच्या आधी बघायचे. मेलेला उंदीर हातमोजे घालूनच उचला. त्याआधी त्यावर आणि सापळ्यावर जंतुनाशक फवारा, कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधायला निघतात. दोन पिशव्यांत बांधून टाका.

सावधान: सलग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, बघायला कुणी येणार नसेल, तर चाप चढवू नका आणि पिंजरे उघडे ठेवू नका. पिंजऱ्यातला प्राणी उपाशी-तहानलेला मरतो आणि चापात मेलेला दोन दिवस कुजतो.

## पायरी ६: विष वापरायचंच असेल तर

लहान ऑफिसात वरच्या पाच पायऱ्या नीट झाल्या तर विषाची गरज बहुधा पडत नाही. जागा मोठी असेल, गोदाम असेल किंवा बाहेरून मोठे उंदीर सतत येत असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा. स्वतः विष आणून टाकू नका.

"विष खाल्लेला उंदीर पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो" ही समजूत चुकीची आहे. ब्रोमाडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, तोही आपल्या आडोशालाच, म्हणजे तुमच्या सीलिंगमध्ये किंवा भिंतीत. अशक्त झालेला तो उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांनाही बाधतं. झिंक फॉस्फाइड आणखी धोकादायक आहे. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. बंद ऑफिसात ते कुणालाही आणू देऊ नका.

पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून हे मागा:

- आधी पाहणी, मग दर. न बघता "महिन्याला एक फेरी" सांगणाऱ्याला नको म्हणा.
- विष फक्त कुलूपबंद, जागेवर पक्क्या बसवलेल्या खोक्यांत, आत दांडीला अडकवलेल्या वड्यांच्या रूपात. सुटे दाणे उंदीर उचलून दुसरीकडे साठवतो आणि ते कुणाच्या खणात सापडतात.
- प्रत्येक खोक्याचा क्रमांक आणि जागा तुमच्या नकाशावर.
- विषाचं नाव आणि सुरक्षा माहितीपत्रक. विषबाधा झाली तर डॉक्टर आधी हेच विचारतात.
- प्रत्येक फेरीचा लेखी अहवाल, कुठली वडी किती खाल्ली त्यासह.

पॅन्ट्रीत आणि सर्व्हर रूममध्ये विष ठेवू देऊ नका. आणि अल्ट्रासोनिक आवाजाच्या यंत्रांवर पैसे घालवू नका. तो आवाज भिंती-फर्निचरपलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला लवकर सरावतात.

## पायरी ७: आतल्या फटी आणि घरटी

सलग आठवडाभर सापळ्यात काही सापडलं नाही, पावडरवर ठसे नाहीत, नवीन लेंड्या नाहीत, असं झालं की मगच आतल्या फटी बुजवा. साहित्य पायरी चारमधलंच. त्याच वेळी घरटी काढा, पायरी दोनच्या पद्धतीने, भिजवून. मुताने भिजलेलं इन्सुलेशन किंवा सीलिंगच्या टाइल धुवायच्या भानगडीत पडू नका, बदला. मुताचा वास दुसऱ्या उंदरांना तीच वाट दाखवतो.

कुजका वास येत असेल आणि उंदीर सापडत नसेल तर आधी वास सर्वात तीव्र असलेल्या जागेवरची सीलिंग टाइल उघडा. अत्तर मारून वास झाकला तर शोधायला उलट जास्त दिवस लागतात.

सावधान: या काळात कुणाला ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी किंवा धाप लागली तर डॉक्टरांना ऑफिसमध्ये उंदीर होते आणि आपण साफसफाई केली होती, हे आवर्जून सांगा. विचारल्याशिवाय ही माहिती कुणी देत नाही आणि निदान लांबतं. उंदीर चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

## पायरी ८: देखरेख

पहिले दोन आठवडे चार-पाच सापळे आणि पावडरचे कागद जुन्या वाटांवर ठेवा, रोज बघा. त्यानंतर आठवड्यातून एकदा, आणि दोन महिन्यांनी महिन्यातून एकदा. महिन्याच्या फेरीत पेन्सिल घेऊन दरवाजाखालच्या पट्ट्या, शटरचे कोपरे आणि गटाराच्या जाळ्या तपासा. दरवाजाचा ब्रश झिजतो, आणि उंदीर पुन्हा तिथूनच शिरतात. ऑफिसात नवीन केबल टाकली, एसी बदलला किंवा कुठलंही ड्रिलिंग झालं की त्याच दिवशी ते भोक बुजवलंय का ते बघा. कंत्राटदार भोक उघडं ठेवून जातात, म्हणून काम पूर्ण झाल्याच्या सहीआधी ही तपासणी ठेवा.

तीन महिन्यांनी एखादी ताजी लेंडी दिसली तर सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. त्या जागेपासून दहा मीटरच्या आत पावडर पसरा, सहा सापळे त्याच संध्याकाळी लावा, आणि गेल्या पंधरा दिवसांत त्या भागात काय बदललं ते वहीत शोधा: नवीन खोकी, नवीन भोक, की साफसफाईची बदललेली वेळ.